आत किती, बाहेर किती

३ ऑक्टोबर
पोचलो एकदाचे! मी, विनी, सामानाने ठासून भरलेला पिकअप आणि ऑग्डनपासून इथपर्यंत बोंबलत आलेलं मांजर. घर म्हणजे पायवाटेच्या तोंडाशी ठेवलेलं दोन खोल्यांचं खोकं, पण खिडकीतून समोर लालभडक कडे दिसतात. माझ्या लेकीने लगेच जाहीर केलं की ते केकचे आहेत. विनी सहा वर्षांची आहे, पुढचा दात नुकताच पडलाय, आणि तांबड्या बुटांशिवाय ती बाई पाऊल उचलत नाही. घटस्फोटानंतर आज पहिल्यांदा मला सणसणून भूक लागली. तेवढ्यात गावातल्या लूडीनबाई चर्चतर्फे बटाटे-चीजचं भलं मोठं भांडं घेऊन आल्या. इथे कुणी मेलं तरी हेच आणि कुणी राहायला आलं तरी हेच, असं त्याच म्हणाल्या.

५ ऑक्टोबर
वाट राखायचं काम माझ्यासारख्या टापटिपीच्या बाईला साजेसं आहे. ‘ससुल्या’ नावाची ही वाट जेमतेम दीड मैल, चिल्लीपिल्ली घेऊन येणाऱ्यांसाठी. सुरुवातीला खांबावर नोंदवही: नाव, आत किती, बाहेर किती. उघड्या खडकावर पावलं उमटत नाहीत, म्हणून वाट दाखवायला दगडांच्या बुटक्या उतरंडी रचल्यात. पोरं हौसेने आपल्याही रचतात, मग लोक भलतीकडे जातात. त्या खोट्या उतरंडी पाडणं हे माझं रोजचं काम. तीस वर्षं राखण करणारा म्हातारा व्हर्ल मला शिकवतोय. मी लाथेने पाडायला लागले तर म्हणाला, पोरी, हाताने पाड, नडग्या दोनच असतात!

७ ऑक्टोबर
व्हर्ल दातांच्या डॉक्टरकडे गेला होता. मी आणि विनीने मिळून एक्केचाळीस उतरंडी पाडल्या. वाटेच्या टोकाला कड्यात एक अरुंद घळ आहे. तिच्या तोंडावर सात दगड एका ओळीत मांडलेले. आडवी रांग म्हणजे इकडून जाऊ नका, हे मलाही ठाऊक आहे. पण ती घळ चार पावलांची, पुढे सपाट भिंत. तिथे कोण हरवणार? पोरांचाच खेळ, असं धरून मी सहा भिरकावले. सातवा विनीने.

संध्याकाळी हे ऐकून व्हर्लचा चेहरा पडला. आधी का नाही सांगितलंस, असं विचारलं तर म्हणाला, सांगितलं असतं तर तू आत बघायला गेली असतीस. तसाच टॉर्च घेऊन गेला. सहा सापडले. दुसरा कुठलाही दगड चालत नाही म्हणे. मला हसू आलं, पण तो ते सहा दगड पुन्हा पुन्हा मोजत होता.

९ ऑक्टोबर
आज एक कुटुंब आलं. आईबाप आणि तीन मुली. मधलीचा गुडघा फुटला होता, मीच पट्टी लावली. तिने मला दोन द्राक्षं दिली. परत येताना त्यांनी लिहिलं: बाहेर चार. मी विचारलं, मधली कुठे आहे? बाप हसला. म्हणाला, ताई, आम्हाला दोनच मुली. गाडीत तिसरी छोटी खुर्ची होती, तिच्यावर त्यांनी पिशव्या ठेवल्या. मी आरडाओरडा केला, व्हर्लने मला घट्ट धरून ठेवलं. ते गेले. व्हर्ल म्हणाला, आजच लिहून ठेव, उद्या तूही विसरशील.

१० ऑक्टोबर
सकाळी कालचं पान वाचलं. मला दोनच मुली आठवतात. गुडघा नाही, द्राक्षं नाहीत. अक्षर मात्र माझंच. आता रोज लिहिणार: माझी मुलगी विनी. सहा वर्षं. पुढचा दात नाही. तांबडे बूट. चीजवरही जॅम लावून खाते.

व्हर्ल घळीपाशी खुर्ची टाकून बसलाय. जागा सोडणार नाही म्हणतो.

११ ऑक्टोबर
घळीपाशी रिकामी खुर्ची. लूडीनबाईंना फोन केला. कोण व्हर्ल, असं त्यांनी विचारलं. ऑफिसात विचारलं. इथे कुणी व्हर्ल नव्हताच म्हणे.

मला त्याचा चेहरा आठवत नाही. नडग्यांचं वाचून हसू आलं, मग रडू.

माझी मुलगी विनी. सहा. दात नाही. तांबडे बूट. उद्या निघायचं.

१२ ऑक्टोबर, सकाळ
सामान भरताना विनीच्या उशीखाली दगड सापडला. सातवा. फेकल्याचं नाटक केलं होतं तिने — सगळ्यात छान होता म्हणे.

निघून जाता आलं असतं. पण आज शनिवार. अकराला लूडीनबाई चर्चची चौदा पोरं घेऊन येणार. फोन उचलत नाहीत. विनीला एकटीला ठेवायची हिंमत नाही — हात धरूनच नेते — दगड ओळीत परत ठेवायचा, पाच मिनिटांचं काम. नोंदवहीत लिहिलं: आत दोन.

१२ ऑक्टोबर, दुपार
झालं! सातही दगड ओळीत. किती हलकं वाटतंय. चौदा पोरं आत गेली, चौदा बाहेर आली, मी स्वतः मोजली. आता घर सोडायची गरज नाही. जेवायला का कोण जाणे दोन सँडविच केली, एकात चीजवर जॅम. दोन्ही मीच खाल्ली. मांजर सकाळपासून दारात बसून ओरडतंय.

१३ ऑक्टोबर
नोंदवहीत माझं अक्षर. आत दोन. बाहेर एक.

मागची पानं वाचली. विनी.

काहीच आठवत नाही. रडू येत नाही. आपल्या पोटच्या पोरीसाठी रडू येत नाही, देवा — याचीच भीती —

काडेपेटीत एक दुधाचा दात आहे.

१३ — घळीपाशी
भिंतीमागे कुणीतरी दगडावर दगड ठेवतंय. पडतात. पुन्हा ठेवतंय. छोटे हात.

रांग मीच लावली. ती आत असताना. मीच —

उघडली तर उद्या दुसऱ्या कुणाची मुलगी. नाही उघडली तर —

लूडीनबाई, हे मिळालं तर पोरांना आणू नका. आधी रांग लावा. मी आत असले तरी लावा.

सातवा उचललाय. आतलं दगड रचणं थांबलं. ती ऐकतेय. हाक मारायला हवी. नाव आत्ता वाचलं होतं, पान उलटलं आणि —