टेपची वायर

गुरुवार, संध्याकाळ

आज शेवटी गाडीच्या टेपला मोबाइलची वायर बसवून घेतली. गावाला जाताना कीर्तन ऐकू म्हणून सुमन किती वर्षं मागे लागली होती. मी आपला एकच हेका धरायचो, "कंपनीचा टेप आहे, उघडायचा नाही." कुणासाठी जपला तो? तिला जाऊन तीन महिने झाले.

खडकीच्या इलेक्ट्रिशियनने टेप बाहेर ओढला, मागे वायर जोडली आणि म्हणाला, "काका, काहीतरी लावून बघा." तिचा हरिपाठ लावला. ती देवापुढे म्हणत असताना मी गुपचूप रेकॉर्ड केलेला. गाडीभर तिचा आवाज. मग मध्येच थांबून ती ओरडली, "अहो, गॅस बंद करा! दूध उतू चाललंय!"

इलेक्ट्रिशियन हसला. "काकूंचा फोन आला वाटतं. बोला आधी, नाहीतर जेवण मिळायचं नाही!"

त्याला खरं सांगायला हवं होतं का? जमलं नाही. त्या दिवशी रेकॉर्डिंग बिघडेल म्हणून मी जागचा हललो नव्हतो, ओ सुद्धा दिली नव्हती. दूध सगळं ओट्यावर.

आज वायरीसकट मोबाइल कानाला लावला आणि म्हणालो, "हो गं, केला बंद."