फाटकापाशी चाफा होता तिथे

अहो,

मामंजी देवळातून अजून परतले नाहीत, म्हणून मी शोधायला जाते आहे. समोरच्या अक्का म्हणाल्या, ते आपल्या फाटकाशी जरा थांबले आणि तसेच पुढे गेले.

मोतीबिंदूमुळे ते घर चाफ्यावरून ओळखतात हो! काल माळ्याने तो तोडला आणि नव्या बागेच्या आठवडाभराच्या गडबडीत त्यांना सांगायचं राहूनच गेलं.

तुमचे फॅक्टरीतले मित्र बाग बघायला येतील. कॉफीचं डिकॉक्शन गाळून ठेवलंय, दूध तापवा. हिरवळ अजून धरली नाही, कुणाला तुडवू देऊ नका.

नाहीतर राहू द्या ती कॉफी. मित्रांनाही शोधायला पाठवा. तुम्ही मात्र चाफा होता तिथेच उभे राहा आणि मोठ्याने हाका मारत राहा.

— प्रेमा