खुर्चीखाली मावेल एवढं

५ जानेवारी

चि. भावजींना वहिनीचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

फोनवर तुम्ही बघतो-बघतो म्हणता आणि फोन ठेवला की विसरता. म्हणून हे पत्र. कागदावर आलं की माणूस बांधला जातो.

गेल्या आठवड्यात ह्यांना व्यायामाच्या दवाखान्यात नेलं होतं. तिथे एक पडदा आहे, त्याच्याखाली पट्टीसारखा कॅमेरा. ज्या अक्षरावर नजर ठेवाल ते अक्षर उमटतं. हात नको, जीभ नको. आपल्या फर्निचरच्या कारखान्यात शिडी घसरून पडले त्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून ह्यांच्याकडे नजर आणि पापणी तेवढी उरलीय. एकदा मिटली की हो, दोनदा मिटली की नाही. त्या पडद्यासमोर पाव तास मिळाला, तर ह्यांनी काय लिहावं? उकडतंय! दोन वर्षांनी एक शब्द फुटला आणि तोही तक्रारीचा. मी तिथे हसले आणि बाहेर बाकावर जाऊन रडले.

तिथला कॉम्प्युटर म्हणजे धूड आहे. आपल्याला ह्यांच्या चाकाच्या खुर्चीखाली मावेल असा हवा, म्हणजे हे जातील तिथे तो जाईल. तुम्ही तिकडे दुकानात कॉम्प्युटरचे सुटे भाग विकता, तेव्हा भाग निवडायचं काम तुमचं. सीटखाली, खुर्ची चालवणाऱ्या बॅटरीच्या वर जागा अशी: रुंदी चौतीस, खोली चोवीस, उंची अकरा सेंटीमीटर. तीनदा मोजलीय. मी गाद्या शिवते, माझं माप चुकत नाही. आवाज नको, आणि तापणारा तर मुळीच नको. वर माणूस बसतो, तवा नाही.

बाकी जगाला उशीर करा, ह्यांना नको.

भरवसा टाकलाय, तो उचलून धरावा.

तुमची वहिनी


१४ जानेवारी

तीर्थस्वरूप वहिनींना शिरसाष्टांग नमस्कार.

पत्र वाचून डोळे भरून आले. दादाचं उकडतंय तर मी चारचौघांना सांगितलं. लहानपणीसुद्धा आधी कुरकुर, मग काम.

काळजी करू नका, यादी केली आहे. छोटा कॉम्प्युटर जुळवणं म्हणजे लहान बॅगेत मोठा प्रवास भरणं. एक वस्तू बदलली की सगळ्या हलवाव्या लागतात. मदरबोर्ड सर्वांत लहान जातीचा घ्यायचा, सतरा सेंटीमीटर चौरस. प्रोसेसर कमी वीज खाणारा, म्हणजे तापणार नाही. त्यावरचा पंखा बुटका, पाच सेंटीमीटरच्या आतला. वीजपुरवठ्याचा डबा आत नकोच. लॅपटॉपला असते तशी वीट बाहेर ठेवायची, तीही खुर्चीच्या बॅटरीवर चालेल. वेगळं ग्राफिक्स कार्ड लागत नाही. अक्षरंच तर उमटवायची आहेत. हे सगळं साडेनऊ सेंटीमीटर उंचीच्या खोक्यात आरामात बसतं. तीन आठवड्यांत पाठवतो.

एक विचारायचं होतं. उकडतंयच्या पुढे दादाने आणखी काही लिहिलं का? पडला त्या दिवसाबद्दल वगैरे? तसं काही असेल तर आधी मला कळवा. त्याच्या मनाला ताण नको, एवढंच.

तुमची माया अशीच राहू द्या.

तुमचा धाकटा


२० फेब्रुवारी

चि. भावजींना अनेक आशीर्वाद. वि. वि.

तीन आठवड्यांचे पाच झाले. खोका आला, त्यातला बोर्ड आला, पण पंखा पाठवलात तो सात सेंटीमीटरचा! झाकण लागत नाही. पंखा असा वर डोकावतो जसा खिडकीतून शेजारी. तुम्हीच लिहिलंत पाचच्या आतला. पत्र माझ्यासमोर आहे. पंधरा वर्षं हेच भाग विकताय, आणि पाचात सात मावत नाहीत हे मला गादीवालीला कळतं, तुम्हाला कळत नाही?

असो. चूक कोणाची होत नाही! मी एकदा गिऱ्हाइकाला उशीच्या मापाची खोळ गादीला शिवून दिली होती. पण ती दुसऱ्या दिवशी बदलून दिली. तुम्ही पंधरा दिवस फोन उचलत नाही.

ह्यांना रोज सांगते, धाकटा पाठवतोय, धाकटा पाठवतोय. पूर्वी तुमचं नाव निघालं की हे दाराकडे बघायचे. आता डोळे मिटून घेतात. कंटाळले असतील. ते अक्षराचं म्हणाल तर दवाखान्यातला पडदा बिघडलाय, त्यामुळे पुढे काही लिहिलेलं नाही. आणि पडले त्या दिवसाचं काय लिहायचंय? शिडी घसरली, पडले. सगळ्या गावाला माहितेय.

जेवणाची हेळसांड करू नका, शेवटच्या फोनवर आवाज खोल गेलेला वाटला तुमचा.

रागावले तरी माया आटत नाही, तेवढं जाणून असा.

वहिनी


३ मार्च

तीर्थस्वरूप वहिनींना शिरसाष्टांग नमस्कार.

पंख्याबद्दल माफी. दुकानात गडबड फार आहे.

पण वहिनी, मी पुन्हा सगळा हिशोब मांडला आणि वाटतंय की हे जमणारं नाही. वीजपुरवठ्याचा डबाच पंधरा सेंटीमीटर लांब, साडेआठ उंच. तो घातला की बोर्डाला जागा नाही. डोळ्यांच्या कॅमेऱ्याला मोठं ग्राफिक्स कार्डही लागेल, ते एक वीत लांब. मग खोका मोठा, मग खुर्ची बदला. तुमच्या मापातही काही चूक असावी. शिवाय हे सगळं तापेल, आणि दादाच्या पाठीला ते कळणार नाही. भाजलं तरी तो सांगणार कसा?

आणि खरं सांगू? दवाखान्यातले लोक उत्साही असतात. पण डोक्याला मार लागलेला माणूस काहीही लिहितो. नसलेलं आठवतं. त्यातून त्याला त्रास, तुम्हाला त्रास. आता तो शांत आहे. पापणीवर तुमचं छान चाललंय. जुनं उकरून कोणाचं भलं झालंय?

विचार करा. मी धाकटा, जास्त काय बोलणार. माझ्यावर रोष नसावा, ही एकच मागणी.

तुमचा धाकटा


१२ मार्च

चि. भावजींना आशीर्वाद.

माझ्या मापात चूक आहे हे वाचून मी पुन्हा जमिनीवर आडवी झाले आणि खुर्चीखाली पट्टी धरली. चौतीस, चोवीस, अकरा. माप जागचं हललेलं नाही.

मग तुमची दोन्ही पत्रं घेऊन गल्लीच्या टोकाच्या रेडिओवाले काकांकडे गेले. पन्नाशी उलटलेला माणूस, पूर्वी रेडिओ दुरुस्त करायचा, आता कॉम्प्युटर करतो. पहिलं पत्र वाचून म्हणाले, यादी करणारा जाणकार आहे, एक शब्द इकडचा तिकडे करू नका. दुसरं वाचलं आणि चष्मा काढून ठेवला. म्हणाले, हा डबा टेबलाखाली ठेवायच्या मोठ्या कॉम्प्युटरचा, तो या खोक्यासाठी नसतोच. अक्षरं उमटवायला वीतभर कार्ड लागत नाही, हे त्यानेच आधी लिहिलंय. ही दोन पत्रं एका माणसाची नाहीत. मला राग आला. तुमचा नाही, काकांचा. ताडकन म्हटलं, माझा दीर आहे तो, ह्यांना मुलासारखा, हे पडले तेव्हा पहिल्यांदा त्यानेच पाहिलं आणि त्यानेच उचललं. काकांनी पत्रांच्या घड्या घालून माझ्या हातात दिल्या. त्यांचं ते घड्या घालणं मला आवडलं नाही.

घरी आले, ह्यांना दुपारचं भरवलं, तोंड पुसलं. आणि भावजी, माझ्या मनात आलं की दोन वर्षांत मी ह्यांना विचारलं काय? भूक लागली का, तहान लागली का, कूस बदलू का. त्या दिवसाचं एकदाही नाही. सगळं माहीतच होतं, विचारायचं कशाला! कसला हा माझा मूर्खपणा.

म्हणून विचारलं. शिडी घसरली का? पापणी दोनदा मिटली. मला वाटलं दमलेत. पुन्हा विचारलं. पुन्हा दोनदा. मग विचारलं, तिथे दुसरं कोणी होतं का?

एकदा.

कोण होतं म्हणून एकेक नाव घ्यायला लागले. रंधा मारणारा, पॉलिशवाला, लाकूड उतरवणारे हमाल. दोनदा, दोनदा, दोनदा. मग डोळे मिटले ते संध्याकाळपर्यंत उघडले नाहीत. तुमचं नाव मी घेतलंच नाही. तुम्ही तेव्हा सुट्टीला आला होतात खरे, पण त्या वेळी तर लाकडाच्या वखारीत गेला होतात ना.

डॉक्टर तेव्हा म्हणाले होते, तासभर आधी आणलं असतं तर बोलणं वाचलं असतं. मग जो कोणी तिथे होता, तो तासभर करत काय होता? तुम्हीही जरा आठवून बघा. तुम्हाला माणसं माहीत.

काकांना भाग आणायला सांगितलेत. तुमच्या पहिल्या यादीप्रमाणे.

तब्येत सांभाळून असा.

वहिनी


१६ मार्च

ती. वहिनींना नमस्कार.

घाईत लिहितो आहे. ते काम थांबवा. परक्या माणसाने जोडलेली वस्तू दादाच्या अंगाखाली ठेवू नका, वीज आहे ती. मी स्वतः भाग घेऊन येतो, स्वतः जोडतो. सुट्टी मिळाली की लगेच. मी येईपर्यंत चालू करू नका. हे माझं एवढं ऐका.

पापणीचं म्हणाल तर त्यावर विश्वास ठेवता येत नाही. डोळ्यांत पाणी येतं, कचरा जातो, पापणी आपोआप मिटते. मी वखारीत होतो. वखारवाल्यालाही विचारू शकता, पण तो आता तिथे नाही. उगीच कोणाचं नाव घेत बसू नका आणि दादाला तर काहीच विचारू नका. त्याच्या जवळ बसा फक्त.

दादा माझ्यावर रागावलेला दिसतो का? तेवढं उलट टपाली कळवा.

कृपा असू द्या.

धाकटा


२८ मार्च

भावजी,

तुम्ही येईपर्यंत चालू करू नका म्हणालात. केला.

काकांनी तीन दुपारी बसून जोडला, पडदा आणि डोळ्यांचा कॅमेराही त्यांनीच आणून लावला. बुटका पंखा बसला, झाकण लागलं, वीट बाजूच्या पिशवीत गेली. पिशवी मी शिवली, जाळीच्या कापडाची, हवा खेळायला. खोका सीटखाली ठेवला तर वर अजून बोटभर जागा उरते. मी ह्यांच्या पाठीशी माझा हात घालून दोन तास बसले. हात कोमटसुद्धा झाला नाही. सगळं मावतं, भावजी. पहिल्यापासून मावत होतं.

ह्यांना एक अक्षर धरायला वेळ लागतो, एक ओळ झाली की घामाघूम होतात. पहिल्या दिवशी लिहिलं, उशी बदल. दुसऱ्या दिवशी लिहिलं, तू वाळलीस. तिसऱ्या दिवशी मी समोर बसले आणि विचारलं, त्या दिवशी कोण होतं? ह्यांनी लिहिलं, आधी धाकट्याला पत्र. मी म्हटलं, सांगा, मी लिहिते. ह्यांनी लिहिलं, तू वाचू नकोस.

मला जन्मात कोणी असं सांगितलं असतं तर मी आधी तेच वाचलं असतं. ह्यांनासुद्धा ठाऊक आहे. पण चार दिवस मी पडद्याकडे पाठ करून गादीला टाके घातले. काकांनी छापून पाकीट बंद केलं, तेच ह्यात ठेवलंय. काकांनी ते वाचलं असणार, छापायचं म्हणजे दिसणारच. जाताना ते दारात पायात चप्पल घालून उगीच उभे राहिले आणि म्हणाले, भाऊ कधी येणार?

तुम्ही विचारलंत, दादा रागावलेला दिसतो का. नाही दिसत. त्याचीच मला भीती वाटते.

वहिनी


(सोबतचं पाकीट)

चि. धाकट्यास आशीर्वाद.

अक्षर अक्षर जोडतो आहे. म्हणून थोडक्यात.

आपण भांडलो. मी कारखान्याच्या माळ्यावर होतो. बस वरच, असं म्हणत तू शिडी काढून नेलीस. त्याचा राग नाही. मी तुला लहानपणी झाडावर असाच सोडून गेलो होतो.

मी दोराने उतरायला गेलो. हात सुटला. चूक माझी.

तू परत आलास. वाकून पाहिलंस. माझे डोळे उघडे होते. तुला ते दिसले.

तू शिडी आणून माझ्या शेजारी आडवी ठेवलीस. हळूच, आवाज न करता. मग दार लोटून गेलास.

समोर भिंतीवर घड्याळ होतं. सव्वा तासाने माणसं घेऊन आलास आणि सगळ्यांत मोठ्याने तू रडलास.

तुझ्या वहिनीला हे कळलेलं नाही. ते माझ्या डोळ्यांनी नको, तुझ्या तोंडाने कळू दे. तिच्यासमोर बसून सांग. मी बाजूला असेन.

पुढच्या रविवारी ये. आला नाहीस तर सोमवारी सकाळी ती मला विचारेल, आणि मी लिहीन.

लोभ आहे, म्हणून रविवारपर्यंत थांबतो.

दादा