घरून चालू असलेली औषधे

सोमवार, ३
नव्या रुग्णालयातला पहिला दिवस झकास गेला. औषध विभागात खिडकीजवळचं टेबल मिळालं. एका रुग्णाची औषधं एकमेकांशी भांडतात का, हे संगणकावर पाहायचं, एवढंच माझं काम. भांडत असतील तर पडदा लाल होतो. इनचार्ज सिस्टर म्हणाल्या, लाल रंगाला इथे कुणी भीक घालत नाही. ‘तरीही द्या’ची कळ दाबून दाबून तिच्यावरची अक्षरं पुसली गेलीत. सगळे हसले. मला हसू आलं नाही. माणसाच्या निष्काळजीपणाइतकं विष कुठल्याही बाटलीत नसतं.

गुरुवार, ६
बैठकीत बोललो. बोललो कसला, बरसलो. ती कळ काढून टाकायला लावली. आता पडदा लाल असेल तर वॉर्डातलं औषधांचं कपाट उघडतच नाही. डॉक्टरांनी टाळ्या वाजवल्या. सिस्टर पुटपुटल्या, नव्याचे नऊ दिवस. दादाला फोनवर सांगितलं, तर म्हणाला, बारक्या, पगार कामाचा मिळतो की भाषणांचा?

मंगळवार, ११
‘घरून चालू असलेली औषधे’ हा रकाना सिस्टर नातेवाइकांना विचारून भरतात. तीन नंबरच्या आजोबांच्या रकान्यात मधुमेहाची गोळी होती. मुलगा म्हणाला, बाबांना मधुमेहच नाही, तर गोळी कुठली? रक्त तपासलं. गोळीचा अंश सापडला. नातेवाईक लपवतात, यंत्र लपवत नाही, असं मी सगळ्यांना सुनावलं.
एकच गोष्ट खटकते. नोंदीखाली कुणाचंही नाव नाही. नोंद सकाळी नऊ वाजताची आहे. आजोबा दाखल झाले अकरा वाजता.

शुक्रवार, १४
सहा नंबरच्या मावशींच्या रकान्यात झोपेच्या गोळ्या. मुलगी शपथेवर नाही म्हणाली. सकाळचं रक्त स्वच्छ होतं, म्हणून मी नोंद पुसली. ती परत आली, दुप्पट होऊन. दुपारी मावशी हाका मारूनही उठेनात. पुन्हा रक्त तपासलं. गोळ्याच गोळ्या. मुलगी उशाशी बसून होती. पोटात पाण्याशिवाय काही गेलं नव्हतं.
म्हणजे यादी रक्ताकडे पाहून लिहिली जात नाही. आधी यादी. मग रक्त.

सोमवार, १७
मावशी गेल्या. संगणक बंद करा म्हणून रुग्णालयाच्या मोठ्या साहेबांपुढे हात जोडले. त्यांनी माझंच भाषण मला ऐकवलं. जिन्यात सिस्टर भेटल्या. म्हणाल्या, ती कळ आम्ही आळसानं दाबत नव्हतो. दाबली की नोंद जायची, परत यायची नाही. आधी का नाही सांगितलं, विचारलं. म्हणाल्या, तुम्ही कुणाला बोलू दिलंत?

मंगळवार, १८, सकाळी १०.०५
दादाला आणलंय. छातीत कळ, घामाघूम. हृदयात गुठळी. ती विरघळवणारं इंजेक्शन लगेच हवं. रकाना रिकामा होता. माझ्या डोळ्यांदेखत भरला — रक्त पातळ करणारी गोळी. ती अंगात असताना हे इंजेक्शन दिलं, तर रक्त थांबणार नाही. पडदा लाल. कपाट बंद.

१०.२०
दादा म्हणतो, अरे, मी डोकं दुखलं तरी गोळी घेत नाही. वहिनीही तेच सांगते. रक्त तपासलं — स्वच्छ. अजून स्वच्छ. वाट पाहिली तर गुठळी. नाही पाहिली तर —

१०.३१
ओठ निळे पडलेत. वहिनी माझ्याकडे बघते. काहीतरी करा भाऊजी, एवढंच.

१०.३४
कपाट फोडलं. डॉक्टर थबकले, लाल आहे म्हणाले. म्हटलं, माझ्या शब्दावर द्या. दिलं.

१०.५०
रंग परतला. दाराबाहेर उभा राहून लिहितोय. वहिनी काचेतून खूण करते. बरा आहे, हसतोय. हो. मला दिसतो. हसतोय. पण त्याचे दात लाल —