गारठा कूलर्समधली सततची सुधारणा

३ मार्च २०२५, सोमवार. सकाळी ९.१०

आजपासून रोजनिशी. डायरी जाड कागदाची आहे. नव्या वॉशर सप्लायरनं भेट दिली. माणूस क्वालिटीवाला.

मी, जितेंद्र उमरेडकर, वय त्रेपन्न, आजपासून गारठा कूलर्सचा 'हेड, कंटिन्युअस इम्प्रूव्हमेंट'. सत्तावीस वर्षं क्वालिटी इन्चार्ज होतो. केबिन तीच, खुर्ची तीच, पाटी नवी. पेंटरनं 'इम्प्रूव्हमेंट' चुकीचं रंगवलं. तरी तशीच लावली. दुरुस्तीला आठ दिवस लागतील म्हणाला, आणि तेवढ्यासाठी सुधारणा कशाला थांबवायची?

जुने मालक महादेवराव आता घरी असतात. कारखाना त्यांची मुलगी कामिनी मॅडम बघते. आज सगळ्यांसमोर म्हणाली की बदलणार नाही ती कंपनी टिकणार नाही. मी तेच म्हणणार होतो. तिनं आधी म्हटलं.

संकल्प: रोज एक सुधारणा. वर्षाला तीनशे. रविवार सोडून.

६ मार्च, गुरुवार

रामदासपेठेतल्या हॉटेलात दोन दिवसांचं ट्रेनिंग झालं. जेवण उत्तम. मुख्य शिकवण: चूक माणसाची नसते, सिस्टिमची असते. हे मला फार दिवसांपासून वाटत होतं, विशेषतः माझ्या बाबतीत.

आणखी एक शिकलो. लाइनवर लाल बटण असावं. कोणत्याही कामगाराला खोट दिसली की त्यानं बटण दाबून सगळी लाइन थांबवायची. आल्या आल्या लाइन दोनवर बटण बसवून घेतलं. तिथल्या अकरा बायांसमोर भाषण केलं. म्हटलं, हे बटण तुमचं आहे, घाबरू नका. टाळ्या पडल्या. (मॅडमनं सुरुवात केल्यावर.)

वच्छलाबाई एकोणीस वर्षांपासून या लाइनवर आहे. टाकीच्या बुडाला पाणी काढायची जी नळी असते, तिचा वॉशर बसवते. तिनं तिथल्या तिथं हात वर केला. म्हणे, "साहेब, हा नवा पांढरा वॉशर कडक आहे. पाण्यात राहून आकसन अन् टाकी गळन. पहिलेचा काळाच बरा होता."

तिला समजावलं की सूचना अशी तोंडी द्यायची नसते. त्यासाठी फॉर्म आहे. चार पानी.

मराठीत नाही का, तिनं विचारलं. म्हटलं, क्वालिटीची भाषा आंतरराष्ट्रीय असते.

१० मार्च, सोमवार

सूचनापेटी मॅडमसमोर उघडली. आत एकच चिठ्ठी, फॉर्म नाही: 'कूलरच्या कारखान्यात आमच्या लाइनवर कूलर काहून नाही?' विषयाबाहेरची म्हणून बाजूला ठेवली. मॅडमनं ती परत उचलून वाचली.

आजची सुधारणा: प्रत्येक वस्तूभोवती पिवळी रेघ. माझ्या चहाच्या कपाभोवतीसुद्धा. नंतर कप हलवला तर शिपाई म्हणाला, साहेब, तुम्ही नियम मोडून राहिले.

१८ मार्च, मंगळवार

कुहीचा आपला डीलर चंद्रभान. त्याचा फोन. म्हणे, "साहेब, तुमचे कूलर गळून राहिले. पाच गेले पाचही गळले. एकाचा तं रेडिओ भिजला. लोक मले शिव्या देऊन राहिले."

विचारलं, लोकांच्या घरातली फरशी लेव्हलमध्ये आहे का? त्यानं फोन ठेवला. म्हणजे नसावी.

रजिस्टरला नोंद केली: ग्राहकाचा वापर चुकीचा. तक्रार अकरा मिनिटांत बंद. हा कंपनीचा रेकॉर्ड आहे. मेल सर्वांना.

२० मार्च, गुरुवार

मोठी बातमी. एका हॉस्पिटलच्या वॉर्डांसाठी चारशे कूलर हवेत. त्यांचा इंजिनिअर मंगळवारी कारखाना बघायला येणार. ऑर्डर मिळाली नाही तर लाइन दोन एप्रिलपासून बंद. मॅडमनं हे बायांना स्वतः जाऊन सांगितलं. मला हे पटलं नाही. बदलाची माहिती टप्प्याटप्प्यानं द्यायची असते, असं ट्रेनिंगच्या स्लाइड क्रमांक बावीसवर आहे.

मॅडमला म्हटलं, माझ्यावर सोडा.

घरी बायकोला, नंदिनीला, सांगितलं. त्या बायांचं काय होईन, तिनं विचारलं. म्हटलं, काहीच होणार नाही, मी आहे ना. ती म्हणाली, म्हणूनच तं विचारून राहिली.

बोलण्याचा रोख कळला नाही.

२२ मार्च, शनिवार

वच्छलाबाई केबिनमध्ये. हातात स्टीलचा डबा. पांढरा वॉशर पाण्यात टाकून आठ दिवस टिनाच्या छपरावर उन्हात ठेवला होता म्हणे. बाहेर काढून दाखवला. आकसला होता, कडेनं चीर गेली होती. थोडीशी.

सांगितलं की डबा हे मान्यताप्राप्त उपकरण नाही.

तिनं विचारलं, "मग तुम्ही किती वेळ पाहिला होता साहेब, घेताना?"

दहा मिनिटं. पण पूर्ण एकाग्रतेनं.

ती म्हणाली, "माह्या घरी सासू आहे, दोन पोरी आहे. लाइन बंद पडली तं मी जाऊ कुठं? पण गळका कूलर मले देववत नाही." मग डबा घेऊन निघून गेली. भावनेच्या भरात लोक डेटा विसरतात.

२५ मार्च, मंगळवार. दुपारी २

आज जेवलो नाही. रागानं.

सगळं उत्तम चाललं होतं. हॉस्पिटलचा इंजिनिअर शांत माणूस, सेहेचाळीस स्लाइड्स बघितल्या. मग त्याला लाइन दोनवर नेलं. लाल बटण दाखवलं. म्हटलं, इथला साधा कामगारसुद्धा लाइन थांबवू शकतो. त्यानं विचारलं, आजवर कोणी थांबवली का? मी म्हटलं, तशी वेळच आली नाही.

सायरन वाजला.

पट्टा थांबला. वच्छलाबाईचं बोट बटणावर. मी हसून इंजिनिअरला म्हटलं, हा आमचा डेमो.

"डेमो नाही साहेब," ती म्हणाली. अख्ख्या शेडला ऐकू गेलं. "खरीच बंद केली. हे कूलर पेशंटच्या पलंगाजवळ ठेवतीन. खाली पाणी सांडन, तिथंच वायर राहीन. उद्या घरी बसा म्हणसान तं बसीन."

मॅडमच्या कानात म्हटलं, हिला आत्ताच्या आत्ता घरी पाठवा. मॅडमनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. वच्छलाबाईला विचारलं, पुरावा आहे का? तेव्हा बाकीच्या दहाही जणी उठल्या आणि शेडच्या मागे निघाल्या. तिथं सहा तयार कूलर उन्हात उभे होते. शनिवारी बायांनीच पाणी भरून ठेवले होते. माझ्या परवानगीशिवाय, कुठल्याही पिवळ्या रेघेत नाही.

सहापैकी चारांखाली ओल. इंजिनिअर वाकून बघत होता तेव्हा त्याचा एक बूट भिजला.

माझं मत ठाम आहे: शिस्तभंग तो शिस्तभंगच.

२६ मार्च, बुधवार

मीटिंग. 'पाच वेळा का विचारा' ही पद्धत मीच आणली होती. मॅडमनं ती माझ्यावरच वापरली.

टाकी का गळली? वॉशर आकसला. का? माल हलका. हलका माल का घेतला? चाचणीत पास झाला होता. चाचणीत पास कसा झाला? दहा मिनिटांत काही आकसत नाही. दहाच मिनिटं का?

मी म्हटलं, जाणकारांच्या मते चौथ्या 'का'ला थांबलेलं चालतं. मॅडम थांबली नाही. वच्छलाबाई कोपऱ्यात खाली मान घालून बसली होती. जिंकल्यासारखं तिच्या तोंडावर काहीच नव्हतं. तेच जास्त लागलं.

चाचणीच्या दिवशी जेवणाची सुट्टी व्हायला दहा मिनिटं होती. हे कोणाला सांगितलं नाही. इथंही लिहायला नको होतं.

१ एप्रिल, मंगळवार

हॉस्पिटलनं ऑर्डर दिली. अट: काळा वॉशर, आणि प्रत्येक कूलरला चोवीस तास पाणी भरून चाचणी. इंजिनिअर म्हणाला म्हणे, जिथली बाई लाइन थांबवते तिथला माल घ्यायला हरकत नाही. थोडक्यात, माझ्या बटणामुळे ऑर्डर आली. हे मीटिंगच्या मिनिट्समध्ये नोंदवायला सांगितलं. नोंदवलं नाही.

लाइन दोन वाचली. क्वालिटीचं सगळं आता वच्छलाबाई बघणार. फॉर्म एकपानी, मराठी. लाइनवर दोन कूलरही लागले. मी जाऊन अभिनंदन केलं. ती खुर्चीवरून उठायला लागली, मीच बस म्हटलं.

मी राजीनामा देणार. पत्र तयार. तिसरा मसुदा सर्वात कडक. मॅडमनं वाचलं, घडी घातली आणि म्हणाली, काका, हे सोमवारी बघू. त्याआधी कुहीचे पाच कूलर तुम्ही स्वतः जाऊन दुरुस्त करून या.

पहिल्यांदाच काका म्हणाली.

हेड कधी पाना घेऊन फिरत नसतो. मी जाणार नाही. अजिबात जाणार नाही.

५ एप्रिल, शनिवार. कुही, दुपारी १२.३०

आलो आहे. बाजारपेठेचा अभ्यास म्हणून.

चंद्रभाननं पहिलं घर दाखवलं आणि दुकान उघडं आहे म्हणून सटकला. भागीरथाबाई, सत्तरीच्या असाव्यात. एकट्याच. नातीच्या परीक्षेसाठी कूलर घेतला होता. खोलीभर पोतं पसरलेलं, हातात फडकं. मला बघून म्हणाल्या, आला का मिस्त्री?

मी बॅग खाली ठेवली आणि त्यांना नीट सांगितलं. मी मिस्त्री नाही. मी हेड, कंटिन्युअस इम्प्रूव्हमेंट. सत्तावीस वर्षांचा अनुभव. हा प्रकार एका व्यक्तीचा दोष नसून व्यापक व्यवस्थेचा आहे, आणि त्यावर कंपनीनं उपाययोजना सुरू केलेली आहे.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. फडकं पिळलं.

"असशीन बापा," त्या म्हणाल्या. "पण आधी पाणी तं थांबव ना गा."

मी खाली बसलो. पँट गुडघ्यापर्यंत भिजली. नट घट्ट बसला होता, दोनदा पाना सटकला, अंगठा सोलला. पांढरा वॉशर काढला, काळा बसवला, टाकी भरली. त्यांनी चहा केला. मी टाकीच्या बुडाकडे बघत बसून राहिलो. तासभर. दहा मिनिटं नाही.

थेंब पडला नाही.

चार घरं बाकी.