तुमच्या बंदुकीला माझी हरकत आहे

अहो,

त्या सकाळी तुम्हाला डबा दिला, पिण्याचं पाणी भरलं, ओमला पाजून झोपवलं आणि मी मागच्या ओट्यावर कपडे घेऊन बसले होते. शिरूरचं आपलं ते गावाबाहेरचं घर. तुमच्या पँटला साबण लावत होते तेवढ्यात तीन माणसं फाटक ढकलून आत आली. मी तशीच ओल्या हातांनी आत पळाले आणि कडी लावली. दहा मिनिटं ते दार हलवत होते, भर दहा वाजता! गॅसवाल्याचा टेम्पो वळला म्हणून पळाले.

मामंजींची बारा बोअरची बंदूक माझ्यापासून चार पावलांवर लोखंडी कपाटात होती. आणि किल्ली? रांजणगावच्या कारखान्यात, तुमच्या खिशात! मी लाटणं घेऊन उभी होते.

संध्याकाळी तुम्ही म्हणालात, "बरं झालं किल्ली नव्हती. परवाना माझ्या नावावर आहे. तू हात लावलास तर गुन्हा होतो."

"मग ती बंदूक कुणाच्या रक्षणाला आहे?"

"घराच्या."

घर म्हणजे कोण हो? हे मी तुम्हाला कितीदा विचारलं, आठवतं?

आज हे काढायचं कारण म्हणजे तुमचा धाकटा भाऊ. तुम्ही गेल्यावर परवाना संपला. सिंगापूरला येताना पुण्याच्या शस्त्रांच्या दुकानदाराकडे आपण बंदूक ठेवून आलो होतो, त्याने विचारलं, आता हिचं काय करायचं? भाऊजींना ती स्वतःच्या नावावर हवी. त्यासाठी माझी आणि ओमची 'हरकत नाही' अशी सही लागते. कागद फोनवर आला आणि पाठोपाठ भाऊजींचा फोन. मी ब्लॉकखालच्या कॉफीच्या दुकानात कोपी घेत बसले होते.

"वहिनी, तुमच्या सिंगापुरात च्युइंगगम चालत नाही, तिथं बंदुकीचं काय लोणचं घालणार आहात का? करून टाका सही."

"कशाला हवी तुम्हाला?"

"रक्षणाला! आणि दादाने शब्द दिलाय."

"चोर आले आणि तुम्ही घरी नसलात, तर तुमच्या मंगलने काय करायचं?"

"तिला काय कळतंय त्यातलं? किल्ली माझ्याकडेच राहणार."

अगदी तुमचंच वाक्य. मला हसावं की रडावं कळेना.

शब्द तुम्ही दिलात हे खरं. दिवाळीत सगळ्यांदेखत म्हणालात, "माझ्यामागे बाबांची बंदूक तुझीच रे." मला विचारलंत? मी तिथेच चकल्या तळत होते, मान वळवली असतीत तरी पुरलं असतं!

तरीही मी सही करणार होते, खोटं कशाला बोलू? नसती कटकट जाईल असं वाटलं. वुडलँड्सच्या या फ्लॅटमध्ये मला कशाची भीती? समोरच्या मलाय मकचिक मावशी दार सताड उघडं टाकून बाजारात जातात. तुम्हीच एकटे दाराला तीन कुलपं लावणारे.

दुपारी मंगलचा फोन आला. तिथे अकरा वाजले असतील, भाऊजी बाहेर पडल्याबरोबर केला असणार.

"ताई, सही केलीत का?"

"नाही अजून. का गं?"

"करू नका. पाया पडते." मग तिने आवाज खाली आणला. "परवा भाजीत मीठ जास्त झालं. म्हणाले, बंदूक येऊ दे घरात, मग तुझी जीभ सरळ करतो. हसत म्हणाले, ताई. पण मला त्यांचं हसणं माहीत आहे. मी बोलले हे त्यांना कळू देऊ नका."

अहो, तुम्हाला माहीत होतं ना? तिच्या कपाळावरची खोक पाहून तुम्हीच मला म्हणाला होतात, "पायरीवर पडली म्हणतेय, मला नाही पटत." मग त्या माणसाला बंदूक देण्याचा शब्द कसा दिलात? की बायकोवर ताट भिरकावणं म्हणजे तुमच्या घरात नुसता तापट स्वभाव?

रागावतेय मी, रागावू द्या. तुम्ही गेल्यापासून चौदा महिने तुमच्याशी चांगलंच बोलत आलेय.

आणि मी तरी काय केलं? ती खोक मीही पाहिली होती. इतकी वर्षं मी तुमच्याशी किल्लीवरून भांडले, ओमला जवळ घेऊन त्या दाराआड उभी होते म्हणून. मंगलच्या घरात दाराला कडी लावून उपयोग नाही, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

लायब्ररीत बसून, अडलेले शब्द शोधत मी बंदुकीचे नियम वाचले. कायद्याचं तुम्ही खरंच सांगत होतात. पण मलाही स्वतःचा परवाना मागता आला असता, ते मात्र कधी बोलला नाहीत! आणि हेही कळलं की वारसांना बंदूक नको असेल तर ती शासनजमा करता येते.

ओमला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "आई, आर्मीत एनएस करताना रायफल परत देऊन मोजून झाल्याशिवाय आम्हाला कोणी सोडायचं नाही. काकाकडची बंदूक कोण मोजणार? डोन्ट साइन लाह."

मग मीच भाऊजींना फोन केला. मंगलचं नाव काढलं नाही. म्हटलं, "मला नको आहे ती बंदूक घराण्यात. माझी हरकत आहे."

"दादाचा शब्द मोडताय तुम्ही!"

"हो. मीच मोडतेय. दुसऱ्या कुणाला बोल लावू नका."

ते बरंच काही बोलले. ते तुम्हाला लिहीत नाही, धाकटा भाऊ आहे तुमचा. त्यांचा राग मंगलवर निघेल का, या विचाराने मी सारखी फोन बघत असते. बंदूक गेली तरी हात आहेतच. म्हणून तुम्हाला वचन देते: तिचा फोन कधीही येवो, मी उचलीन. ती निघते म्हणाली, तर तिला न्यायला मी स्वतः येईन, आणि तुमच्या घराण्यात कोण काय म्हणेल ते ऐकत बसणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओमला घेऊन मी आपल्या वकिलातीत गेले, आणि बंदूक शासनजमा करावी अशा प्रतिज्ञापत्रावर आम्ही दोघांनी सह्या केल्या.

तुमचीच,
शैला