कोऱ्या चहाबरोबरच्या गोळ्या

आये,

काल माझ्या मुलीला गॅलरीतल्या भिंतीची पुट्टी खाताना पकडलं. नखांनी खरवडून भिंतीला वाटीएवढा खड्डा पाडलाय, आणि ओठ पांढरेफटक. माझा हात उठला होता, अगदी तुझ्यासारखा. पण माझी धाकटी बहीण आठवली आणि तो तसाच खाली घेतला.

धाकटी आपल्या चुलीची माती खायची. तू मिठागरावरून यायचीस, चूल कोरलेली दिसली की तिच्या तोंडात बोट घालून माती काढायचीस. "परत माती खाशील त हात तोरीन तुजा," म्हणायचीस, आणि मग तूच रडत बसायचीस. चुलीला मिरची चोळलीस, दृष्ट काढलीस, जंताचं औषध पाजलंस. आरोग्य केंद्रातल्या बाईंनी रक्तवाढीच्या गोळ्या दिल्या तेव्हा तुला केवढा धीर आला होता! सकाळी आपण सगळेच कोऱ्या चहात तांदळाची भाकरी बुडवून खायचो. त्याच चहाच्या घोटाबरोबर तू तिला गोळी द्यायचीस. "चायसंगती गिल, नाय त ओकशील." एक दिवस चुकवला नाहीस. तरी ती पिवळी पडत गेली, ओटा चढताना धापा टाकू लागली, पाय सुजले, आणि त्याच पावसाळ्यात गेली. शेजारच्या बायका म्हणाल्या, मातीनं पोर खाल्ली. तूही तेच धरून बसलीस. चूल फोडलीस ती पुन्हा घातलीच नाहीस, शेवटपर्यंत स्टोव्हवर रांधलंस.

आज मुलीला नवीन पनवेलला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. रक्त फारच कमी निघालं. त्या म्हणाल्या, "मारू नका हं तिला. अंगात लोह कमी पडलं की मुलांना असं काहीबाही खावंसं वाटतं." रक्तवाढीच्याच गोळ्या लिहून दिल्या आणि म्हणाल्या, "चहाबरोबर अजिबात देऊ नका. चहानं गोळी अंगी लागत नाही."

मी मान डोलावली, मुलीचा हात धरून खाली रिक्षा स्टँडवर आले. केंद्रातल्या त्या बाईंचा असा संताप आला! एवढं एक वाक्य बोलायला काय तोंड दुखत होतं? धाकटी कदाचित तरीही वाचली नसती. इतकं आजारपण नुसत्या गोळ्यांनी हटलं असतं का, कोण जाणे. मी मनाची समजूत घालतेय, ते मलाही कळतंय.

मुलगी लिंबाच्या सरबताबरोबर गोळी घेऊन खेळायला गेलीये. तू गेलीस तेव्हा मी देवाला नाही नाही ते बोलले होते. मातीला शिव्या घालत का होईना, तू तेवढी वर्षं जगलीस. आज पहिल्यांदाच वाटलं, बरं झालं तू नाहीस. असतीस तर मी घरात पाऊल टाकायच्या आत विचारलं असतंस, "डाक्टरीन काय बोल्ली गो?" आणि मी तुझ्या तोंडावर खोटं बोलले असते.